समाधानी असाल तर एक दाबा

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला श्री चनमल्लेश्वर सहकारी पाणीवाटप संस्था मर्यादित या नावाची एक संस्था आहे. संस्थेकडे एक विहीर, दोन मोटारी, नऊ गल्ल्या, चारशे बारा नळ, सात संचालक आणि एक वैजयंती होती. नळांना दर चौथ्या दिवशी पाणी येई. कोणत्या वेळी येईल हे मोटारींच्या तब्येतीवर अवलंबून असल्यामुळे वेळ आधी जाहीर करण्याची चूक संस्थेने कधी केली नाही. वॉल्व्ह फिरवणारा जोतीराम एकेका गल्लीचा वॉल्व्ह सोडी, वैजयंतीला फोन करून "सोडलं गं अक्का, चौथी गल्ली" म्हणे, आणि वैजयंती चौथ्या गल्लीतल्या घरांना फोन लावायला घेई.

तिच्या पदाचं नाव सूचना लेखनिक (कंत्राटी) असं होतं. कंत्राट अकरा महिन्यांचं. दर एकतीस मार्चला ते संपे, एक महिना ती संस्थेत नसे, म्हणजे सही करत नसे, फोन मात्र करी, आणि एक मेला पुन्हा नवीन कर्मचारी म्हणून रुजू होई. अशी ती सतरा वेळा नवीन झाली होती.

काम साधं होतं, पण नुसतं फोन लावण्याचं नव्हतं. तिच्याकडे एक जाड डायरी होती. त्यात नळ क्रमांकापुढे बारीक अक्षरात नोंदी असत. 'नळ ३१, गुरम्मा, ऐकू कमी. फोन वाजू द्यायचा, मग समोरच्या सिद्धेश्वरीला सांगायचं.' 'नळ ७४, भाऊ-भाऊ बोलत नाहीत. दोघांना वेगळा फोन. धाकट्याला आधी, थोरल्याला कळू न देता.' 'नळ १८३, बाळंतीण. हळू बोलणे.' 'नळ २९०, मास्तर. पाणी आलं म्हटल्यावर कुणाचं सरकार आलं विचारतात. उत्तर देऊ नये.' संस्थेच्या दप्तरात या डायरीची नोंद नव्हती, त्यामुळे संस्थेच्या मते ती अस्तित्वात नव्हती.

सगळं असं सुरळीत चाललं असताना माढ्याला सहकारी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांचं एक दिवसाचं शिबिर झालं. चेअरमन मल्लिनाथअण्णा तिथून एक बॅग, एक पेन आणि 'ऑटोमेशन' हा शब्द घेऊन परत आले. बॅग त्यांनी घरी दिली, पेन खिशाला लावलं आणि शब्द संचालक मंडळापुढे ठेवला.

"आता सगळं एपीआयवर चालतंय," अण्णा म्हणाले. "आपण अजून फोन लावत बसलोय. शिबिरात मला लाजल्यासारखं झालं."

वैजयंती चहाचे कप घेऊन आत आली होती. तिने विचारलं, "एपीआय म्हंजे काय ओ अण्णा?"

अण्णांनी शिबिराची वही उघडली. "एपीआय म्हणजे एक खिडकी समज. आपण हितनं ठरलेल्या नमुन्यात चिठ्ठी सरकवायची. पलीकडं काम होतं, आणि चिठ्ठीवर उत्तर येतं."

"पलीकडं कोण बसतं?"

"कुणीच न्हाय! तीच तर गंमत हाय."

"मग आपल्या खिडकीत येगळं काय हाय?"

सचिव शिवपुत्र यांनी हा प्रश्न इतिवृत्तात घेतला नाही. त्यांनी ठराव क्रमांक नऊ घेतला: 'पाणीसूचनेच्या कामातील मानवी हस्तक्षेप मार्चअखेर शून्यावर आणण्यात यावा.' सूचक नंदीश, अनुमोदक चनमल्लप्पा, ठराव सर्वानुमते मंजूर. संस्थेतल्या मानवी हस्तक्षेपाची एकूण संख्या एक होती, आणि तो हस्तक्षेप त्या वेळी रिकामे कप गोळा करत होता. 'कार्यवाही कोणी करावी' या रकान्यात मग शिवपुत्र यांनी इकडेतिकडे पाहिलं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरचं प्लॅस्टिकचं आवरण आठ वर्षांपूर्वी वैजयंतीने काढलं होतं. बाकी कुणी त्या प्रसंगी हजरही नव्हतं. रकान्यात तिचंच नाव पडलं.

"म्हंजे माझं काम मीच काढून टाकायचं व्हय सर?" तिने विचारलं.

"असं वाकडं का बघतीस?" शिवपुत्र म्हणाले. "हे जमवलंस तर तुझंच भलं हाय. असलं येणारं माणूस कुठली संस्था सोडती? तुझ्या कंत्राटाचं मी स्वतः बघतो."

सतरा वेळा नवीन झालेल्या माणसाला अठराव्यांदा विश्वास ठेवायला वेळ लागत नाही. वैजयंती कॉम्प्युटरपुढे बसली.

अण्णांनी शिबिरातून आणलेल्या पत्रकावर 'कार्यदूत' नावाच्या सेवेचा पत्ता होता. ठरवून दिलेली कामं ठरलेल्या वेळी आपोआप करणारी सेवा, असं त्यात म्हटलं होतं. पान इंग्रजीत होतं. वैजयंतीने फोन पडद्यासमोर धरून ते मराठीत वाचलं. पहिली ओळ होती, 'स्वागत, विकासका! पाच मिनिटांत सुरुवात करा.' ती तारीख अकरा ऑगस्ट होती.

पहिली पायरी खातं उघडण्याची. खातं चेअरमनांच्या नावाने हवं, म्हणून मोबाइल नंबर अण्णांचा दिला. पडताळणीचा आकडा त्यांच्या फोनवर गेला आणि अण्णा अकलूजला एका लग्नात होते. मागे बँड वाजत होता.

"अण्णा, आकडा आलाय बघा. सहा अंकी. लौकर सांगा, दोन मिन्टात जातो तो."

"थांब, चष्मा... हां. चार, शून्य... अगं नवरा आला, थांब जरा. अक्षता टाकतो."

आकडा गेला. दुसरा मागवला, तोवर अण्णा पंगतीत होते आणि हात भरलेला होता. तिसऱ्या वेळी ते परतीच्या गाडीत होते, रेंज नव्हती. पाच वेळा चुकल्यावर कार्यदूतने खातं चोवीस तासांसाठी बंद केलं. शिवपुत्र यांनी प्रथमच पडद्याकडे आदराने पाहिलं. "चांगली शिस्तीची कंपनी दिसती," ते म्हणाले.

सप्टेंबरात खातं उघडलं आणि दुसरी पायरी आली. पडद्यावर चाळीस अक्षरांची एक एपीआय की उमटली. खाली लिहिलं होतं: 'ही की फक्त एकदाच दाखवली जाईल. सुरक्षित ठेवा. कुणालाही सांगू नका.' वैजयंती ती उतरवून घेऊ लागली, तर शिवपुत्र यांनी तिचा हात धरल्यासारखा आवाज काढला.

"खासगी वहीत? संस्थेच्या मालमत्तेची नोंद खासगी वहीत? कायदेशीर नोंद पाहिजे."

तातडीची सभा बोलावण्यात आली. वैजयंतीने सात संचालकांसमोर की खड्या आवाजात वाचून दाखवली. "स्मॉल के, सात, कॅपिटल एक्स, शून्य..." संचालक नंदीश यांनी शेवटी आठ हा आकडा असल्याबद्दल नापसंती नोंदवली, कारण त्यांना आठ धार्जिणा नव्हता. तरी चाळीसही अक्षरं सर्वानुमते मंजूर झाली. शिवपुत्र यांनी ती इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात घेतली, खाली सात सह्या घेतल्या, गोल शिक्का मारला. मग त्यांना 'कुणालाही सांगू नका' ही सूचना आठवली. इतिवृत्त कुठलाही सभासद अर्ज करून बघू शकतो. तेव्हा गोपनीयतेची काळजी म्हणून त्यांनी चाळीसपैकी मधली बारा अक्षरं काळ्या शाईने नीट खोडली. मूळ प्रतीतही आणि स्थळप्रतीतही.

दुसऱ्या दिवशी वैजयंतीने विचारलं, "सर, मधली अक्षरं?"

"खोडली."

"मग आता ती कुणाला ठाऊक हायेत?"

"कुणालाच न्हाय," शिवपुत्र समाधानाने म्हणाले. "याला म्हणतात गोपनीय."

जुनी की रद्द करणे, नव्या कीची मागणी करणे आणि जुन्या कीबद्दल कुणालाही जबाबदार न धरणे, असे तीन ठराव व्हायला दिवाळी आली. नवी की आली त्या दिवशी शिवपुत्र दाढदुखीमुळे रजेवर होते. वैजयंतीने ती गुपचूप डायरीच्या शेवटच्या पानावर उतरवली आणि वर मथळा दिला, 'दळण'. संस्थेची माहिती-सुरक्षा त्या दिवसापासून ज्वारी आणि हरभऱ्याच्या मधोमध राहिली, आणि तिथे ती कधीही धोक्यात आली नाही.

तिसरी पायरी म्हणजे पहिली विनंती पाठवणे. पानावर नमुना दिलेला होता. तो जसाच्या तसा उतरवून फक्त आपली की घालायची. वैजयंतीने एका बोटाने टाइप केलं आणि पाठवलं. उत्तर आलं: 'आपल्याला हा अधिकार नाही.' एक स्वल्पविराम राहिला होता. तो घातला. 'मागितलेली गोष्ट सापडत नाही.' पत्ता दुरुस्त केला, पुन्हा पाठवलं, पुन्हा, पुन्हा. 'फार विनंत्या झाल्या. थोड्या वेळाने या.'

शिवपुत्र मागे उभे राहून वाचत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू ओळखीचं हसू पसरलं. "अगं, हा तर आपलाच माणूस हाय," ते म्हणाले. "मी उगाच घाबरत होतो."

अखेर एके दिवशी दुपारी उत्तर आलं: 'विनंती स्वीकारली. कार्य क्रमांक ५५८१.' वैजयंतीला इतका आनंद झाला की तिने जोतीरामला फोन करून सांगितलं. पण स्वीकारली म्हणजे झाली असं नव्हे, हे पुढच्या परिच्छेदात लिहिलेलं होतं. काम झालं की नाही हे क्रमांक देऊन पुन्हा विचारायचं. तिने विचारलं. 'रांगेत.' पुन्हा विचारलं. 'रांगेत.' रेशन कार्डात नाव घालताना तिने याहून जास्त हेलपाटे मारले होते, तेव्हा हे तिला जड गेलं नाही. खाली एक सोयही दिली होती: वारंवार विचारायचं नसेल तर आपला पत्ता देऊन ठेवा, काम झालं की आम्हीच कळवू.

"देऊ का पत्ता?" तिने विचारलं.

"खुळी का काय?" शिवपुत्र म्हणाले. "कळवतो म्हणणाऱ्यानं कधी कळवलंय का? मी बावीस वर्षं लोकांना कळवतो म्हणतोय."

विचारणाच करत राहायचं ठरलं. सव्विसाव्या वेळी शिवपुत्र यांच्या खिशातला फोन वाजला. 'प्रिय ग्राहक,' त्यातून एक गुळगुळीत बाई म्हणाली, 'आपल्या विभागात पाणीपुरवठा सुरू होत आहे.' शिवपुत्र अभावितपणे उठून उभे राहिले. वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. काम इथवर तिने एकटीने, एका बोटाने आणलं होतं, आणि कुणी काही म्हणो, ते कौतुकाचं होतं.

आता मजकूर ठरवायचा होता. वैजयंतीचं म्हणणं होतं की आवाज तिचाच घालावा आणि ती म्हणते तेच म्हणावं, 'पाणी सुटलंय, पाइप लावा.' संचालकांना ते संस्थेच्या दर्जाला शोभेना. 'प्रिय ग्राहक' कायम झालं. शिवाय अण्णांना शिबिरात सांगितलं होतं की सेवा आली की समाधान मोजलं पाहिजे. म्हणून शेवटी जोडलं: 'आपण सेवेबाबत समाधानी असाल तर एक दाबा. समाधानी नसाल तर दोन दाबा.'

"एक दाबल्यावर फोन कट करायचा," अण्णा म्हणाले. "समाधानी माणसाचा वेळ घ्यायचा न्हाय."

"आणि दोन दाबल्यावर?" वैजयंतीने विचारलं. ते लिहायचं तिलाच होतं.

"दोनला तक्रार नोंदवून घ्यायची."

"कुटं?"

"ते पुढच्या बैठकीत बघू," शिवपुत्र म्हणाले. "तवर बासरी लाव."

वैजयंतीने दोनवर चार मिनिटांची बासरी लावली. मधेमधे 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' घातलं, आणि बासरी संपली की फोन आपोआप कट.

एक जानेवारीला योजना सुरू झाली. सकाळी दहा वाजता पाणी, सकाळी दहा वाजता फोन, असं वेळापत्रक यंत्रात घातलेलं होतं. यंत्राने दहाला फोन केले. पाणी मात्र दहाला आलं नाही, कारण दहाला मोटार बसली होती आणि जोतीराम तिच्यावर पालथा पडला होता. यंत्राने जोतीरामला विचारलं नव्हतं. तसं विचारणं हा मानवी हस्तक्षेप ठरला असता. पाणी साडेबाराला आलं, अर्ध्या गल्ल्यांत वाहून गेलं आणि बंद झालं. चारशे बारा घरांपैकी बहुतेकांनी 'प्रिय ग्राहक' ऐकताच कर्जवाले असतील म्हणून फोन ठेवला होता. गुरम्माने उचलला होता. "यारु? यारु?" म्हणजे 'कोण? कोण?' असं ती कानडीत ओरडत राहिली आणि ओरडता ओरडता तिच्या गालाने एक दाबला गेला. नळ ७४ ला फोन थोरल्याने घेतला आणि धाकट्याला सांगितलं नाही. बाळंतिणीचं पोर दचकून उठलं.

संध्याकाळी अहवाल निघाला: एकूण कॉल चारशे बारा, यशस्वी चारशे बारा, समाधान शंभर टक्के. फोन लागला म्हणजे यशस्वी आणि काहीच न दाबणारा मोजणीबाहेर, असा कार्यदूतचा हिशेब होता. अण्णांनी अहवाल फ्रेम करायला दिला.

चौथ्या दिवशी वैजयंती घरी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी होती. यंत्राचे फोन दहाला जाऊन आले होते. अकरा वाजून गेल्यावर जोतीरामचा फोन आला. सवयीने त्याने तिलाच लावला होता. "सोडलं गं अक्का, तिसरी गल्ली."

तिचा नवरा सयाजी समोर बसला होता. रिक्षा लावून जेवायला आला होता. तो म्हणाला, "गप बस. हात लावू नको फोनला. एक डाव पाणी वाया जाऊ दे, मग कळंल त्येंना तुझी किंमत."

ते खरं होतं. वैजयंतीने फोन फडताळावर ठेवला आणि कणकेत हात घातला. तिसरी गल्ली. तिसऱ्या गल्लीत नळ १८३. बाळंतिणीचा नवरा बाहेरगावी, सासू गुडघ्यांनी बसलेली. बाळाची दुपटी चार दिवसांची साठलेली असणार. तिने कणीक दोन वेळा जास्तच तिंबली. मग हात न धुताच फोन उचलला.

"पोरी, पाणी सुटलंय. हळूच ऊठ. पाइप सासूला धरू दे."

"झालं?" सयाजी म्हणाला. "राहवलं न्हाई का?"

"एवढंच घर," ती म्हणाली, आणि तिसऱ्या गल्लीतल्या दुसऱ्या घराला फोन लावला.

त्या दिवसापासून यंत्र दहाला चारशे बारा फोन करी आणि पाणी सुटलं की वैजयंती आपल्या फोनवरून, डायरी समोर ठेवून, उरलेलं काम करी. उरलेलं काम म्हणजे सगळंच. पाणी वाया जाणं थांबलं. भांडी भरू लागली. लोक म्हणू लागले, नवीन मशीन आल्यापासून बरं चाललंय. जिल्ह्याच्या एका समारंभात अण्णांना 'मानवी हस्तक्षेपमुक्त सेवा' असं प्रमाणपत्र मिळालं. ते घ्यायला व्यासपीठावर चढताना अण्णांना फोन आला. त्यांच्याच गल्लीत पाणी सुटलं होतं आणि वैजयंती कळवत होती. "बरं झालं सांगितलंस," ते कुजबुजले, आणि वर चढले.

फेब्रुवारीच्या बैठकीत शिवपुत्र यांनी हळूच विषय काढला. सूचना शंभर टक्के स्वयंचलित झाली आहे, तर सूचना लेखनिक हे पद ठेवणं लेखापरीक्षणात अडचणीचं ठरेल. वैजयंती इतिवृत्त लिहीत होती. तिचं पेन थांबलं.

"सर, तुमी म्हणाला होता की..."

"मी म्हणालो होतो मी बघतो. बघतोच हाय की." ते मऊ आवाजात म्हणाले. "पण आपण एकांगी निर्णय घ्यायचा न्हाय. सभासदांना विचारू. लोकशाही हाय. लोक म्हणतील समाधानी न्हाई, तर तू हाईस. यंत्रावरनंच विचारू, खर्च न्हाई."

हे न्यायाचं होतं, हे तिलाही मान्य करावं लागलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक खास फोन करायचा ठरला. मजकूर शिवपुत्र यांनी सांगितला आणि तिने भरला: 'प्रिय ग्राहक, सध्याच्या स्वयंचलित सूचनासेवेबाबत आपण समाधानी असाल तर एक दाबा. समाधानी नसाल तर दोन दाबा. आपल्या उत्तरावरून सूचना लेखनिक हे पद चालू ठेवायचे किंवा बंद करायचे, याचा निर्णय घेतला जाईल.'

"शेवटचं वाक्य आधी घेऊ का?" तिने विचारलं.

"विचारण्याआधी कारण सांगणं बरं दिसत न्हाई," शिवपुत्र म्हणाले.

वैजयंती चार दिवस गल्ल्यांमधून फिरली. तिने कुणाकडे काही मागायची ही पहिलीच वेळ होती, म्हणून तिला शब्द सापडत नव्हते. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता, चेहरा मात्र निम्म्या जणी पहिल्यांदाच बघत होत्या.

"अय्या, तूच व्हय गं ती?" पाचव्या गल्लीतली ईरम्मा म्हणाली. "मला वाटायचं तू लई जाड असशील. ये, बस. भाकरी खाऊन जा."

"बसत न्हाय. तेवढं मशीनचा फोन आला की दोन दाबा ईरम्माक्का. माझ्या पोटापाण्याचं हाय."

"दोनच दाबते की! तुझ्याबिगर आमचं पाणी कोण सांगणार? शप्पत दोन." ईरम्माने तिच्या ओटीत मूठभर शेंगा घातल्या. मास्तर म्हणाले, मी दोनदा दोन दाबीन. चौऱ्याहत्तर नंबरच्या दोन्ही भावांनी, वेगवेगळं भेटून, एकाच गोष्टीला होकार दिल्याची गेल्या दहा वर्षांतली ती पहिली वेळ होती. गुरम्माला काही ऐकू आलं नाही, पण तिने वैजयंतीच्या गालावरून हात फिरवला.

फोन गेले. पाच मार्चला निकालाची यादी छापून आली. ती छापण्याचं कामही वैजयंतीचंच होतं.

दोन दाबलेले: शून्य. एक दाबलेले: चारशे बारा.

तिने यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. मग ती सरळ पाचव्या गल्लीत गेली. ईरम्मा दारात ज्वारी निवडत होती.

"ईरम्माक्का, तुमी एक दाबलं."

ईरम्माने सूप खाली ठेवलं. तिचा चेहरा खरंच पडला. "अगं दोनच दाबणार होते. पर मागच्या खेपेला एकदा दोन दाबलं, तर ती बासरी! संपतच न्हाई बाई. हिकडं दूध उतू गेलं. एक दाबलं की पटकन कटतो. हात सवयीनं गेला बघ." मग जरा थांबून म्हणाली, "बाकीच्यांनी दाबलं असंल की दोन. माझ्या एकटीनं काय होतंय?"

मास्तरांनी सांगितलं की ते दोन दाबणारच होते, पण प्रश्नाच्या वाक्यरचनेत त्यांना दोष आढळला आणि त्या विचारात बोट चुकलं. थोरल्या भावाने धाकटा दोन दाबणार म्हणून एक दाबलं होतं. सगळ्यांना मनापासून वाईट वाटलं. तिच्या ओटीत त्या दिवशी बऱ्याच शेंगा जमल्या.

घरी येऊन तिने यादी पुन्हा उघडली. चारशे बारा म्हणजे एकूण एक नळ. आणि नळ क्रमांक दोनशे छत्तीस हा सयाजीच्या नावावर, पण फोन नंबर तिचा. पुढे उत्तर: एक.

तिला आठवलं. भाकरी तव्यावर होती, दोन्ही हात पिठाचे. फोन कोपराने सरकवला, 'प्रिय ग्राहक' ऐकू आलं, आणि भाकरीला पदर सुटायची वेळ आली होती. तिने करंगळीच्या पेराने पटकन दाबलं होतं. काय दाबलं ते तिने पाहिलं नव्हतं. शेवटच्या वाक्यापर्यंत ती थांबली नव्हती, आणि ते वाक्य तर तिनेच भरलं होतं.

सभेत पद बंद करण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सेवासमाप्तीची सूचना हाताने देणं हा मानवी हस्तक्षेप झाला असता, म्हणून ती यंत्रावरूनच द्यायची ठरलं. यंत्र चालवता येणारी व्यक्ती एकच होती. वैजयंतीने नवीन कार्य तयार केलं, स्वतःचा नंबर घातला, एकतीस मार्च, दुपारी चार, आणि पाठवलं. 'विनंती स्वीकारली.' या वेळी 'रांगेत' हा शब्द एकदाही आला नाही.

एकतीसला दुपारी चारला ती डायरी पिशवीत भरत होती. फोन वाजला. 'प्रिय ग्राहक, आपली सेवा आजपासून समाप्त करण्यात येत आहे. मान्य असल्यास एक दाबा. मान्य नसल्यास दोन दाबा.' तिने हा फोन शेवटपर्यंत ऐकला. दोन दाबल्यावर काय वाजतं हे साऱ्या सोलापुरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने एक दाबलं.

एप्रिलच्या तीन तारखेला जोतीरामचा फोन आला, "सोडलं गं अक्का, सहावी गल्ली." तिने डायरी उघडली की नाही, हे सांगायला नको.

तुम्हाला आता वैजयंतीबद्दल वाईट वाटत असेल. वाटणारच, ईरम्मालाही वाटलं होतं. पण मागच्या आठवड्यात तुम्हालाही एक फोन आला होता, आठवतो का? कुठल्याशा सेवेबद्दल काहीतरी विचारत होते. तुम्ही घाईत होता. तो कुणाच्या बाबतीत होता, हे शेवटच्या वाक्यात सांगितलं होतं. तुम्ही त्याआधीच एक दाबलंत.